गावपातळीवर आतड्यांतील कृमींचे सर्वेक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीतून पसरणाऱ्या कृमींची लागण जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे, आणि तरीही हा आजार दुर्लक्षितांच्या यादीत आहे. लागण झालेला माणूस सहसा अंथरुणाला खिळत नाही. तो थकतो, फिकट पडतो, मूल वर्गात पेंगते, एवढेच. म्हणून कोणत्या भागात किती जणांना लागण आहे हे दवाखान्याच्या नोंदींवरून कळत नाही. गावात जाऊन मोजावेच लागते. हे काम पहिल्यांदा हाती घेणारे विद्यार्थी, तंत्रज्ञ आणि क्षेत्र-पर्यवेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

जंतनाशक गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे. सरसकट वाटून टाकावी, मोजण्याची उठाठेव कशाला?

गोळी वर्षातून एकदा द्यायची, दोनदा द्यायची की सार्वत्रिक वाटपाची गरजच नाही, हे लागण झालेल्यांच्या टक्केवारीवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रमाण २० टक्के किंवा जास्त असेल तर वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांच्या पुढे असेल तर दोनदा सामूहिक औषधोपचार द्यावा. म्हणजे तुमचा आकडा १८ आला की २२, यावर एका पूर्ण भागातील मुलांना औषध मिळणार की नाही हे ठरू शकते. शिवाय काही वर्षे गोळ्या वाटल्यानंतर लागण खरोखर उतरली का, हेही मोजल्याशिवाय कळत नाही. किती गोळ्या वाटल्या हा आकडा वेगळा आणि किती पोटांतून जंत गेले हा वेगळा.

नेमके कोणते कृमी मोजायचे?

मुख्यतः तीन : गोलकृमी (अस्कॅरिस), चाबूककृमी (ट्रायक्युरिस) आणि अंकुशकृमी, ज्याला प्रयोगशाळेत सगळे हुकवर्मच म्हणतात. हुकवर्मच्या दोन मुख्य जाती आहेत, नेकॅटर आणि अँकायलोस्टोमा, पण अंड्यावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. अहवालात 'हुकवर्म' एवढेच लिहा. स्ट्राँगिलॉइडिस या चौथ्या कृमीची अंडी सहसा शौचात दिसतच नाहीत, अळ्या दिसतात. नेहमीच्या काटो-काट्झ पद्धतीत (ठरावीक मापाचा मल स्लाइडवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजण्याची पद्धत) तो सापडत नाही. त्याच्यासाठी अळ्या शोधणारी बेअरमन किंवा अगार प्लेट पद्धत लागते. तुम्ही ती केली नसेल, तर 'स्ट्राँगिलॉइडिस आढळला नाही' असे वाक्य अहवालात येता कामा नये.

किती माणसे तपासावी लागतील?

प्रमाणाचा काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरा. ९५ टक्के खात्रीने ५ टक्के अंकांच्या आत उत्तर हवे असेल तर साधा हिशेब ३८४ जणांवर येतो. बरेच जण इथेच थांबतात. पण ३८४ ही संख्या यादीतून सुटी माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली तरच लागू पडते. आपण आधी गावे निवडतो आणि मग त्या गावांतली माणसे. एकाच गावातली माती, पाणी, शौचालये सारखी असतात, म्हणून माणसांचे निकालही एकमेकांसारखे येतात. एका गावातला तिसावा नमुना पहिल्या नमुन्याइतकी नवी माहिती देत नाही. हे भरून काढण्यासाठी संख्या 'डिझाइन इफेक्ट'ने गुणावी लागते.

हा गुणक असा काढतात : दर गावातल्या नमुन्यांतून १ वजा करा, त्याला गावांतर्गत सारखेपणाच्या गुणांकाने गुणा आणि १ मिळवा. गुणांक ०.०५ धरला आणि दर गावात ३० माणसे घेतली, तर गुणक २.४५ येतो आणि ३८४ चे ९४१ होतात. दर गावात १५ च घेतली तर गुणक १.७ आणि एकूण ६५३ पुरतात. म्हणून आमचे ठाम मत आहे : पैसे आणि गाडी परवडेल तितकी गावे वाढवा, गावातली माणसे कमी करा. एका मोठ्या गावात मलाच्या नमुन्यासाठी तीनशे डब्या वाटणे सोयीचे असते, पण त्यातून फक्त त्या गावाचे चित्र मिळते.

शेवटी डबी परत न देणाऱ्यांचा वाटा मिळवा. १० टक्के गळती धरली तर संख्येला ०.९ ने भागायचे, १० टक्के वाढवायचे नाही. ६५३ चे ७२६ होतात.

गावे कशी निवडायची?

लोकसंख्येच्या प्रमाणात. भागातल्या सर्व गावांची यादी करा, प्रत्येकासमोर लोकसंख्या आणि चढती बेरीज लिहा. समजा एकूण बेरीज ४८,००० आली आणि ३० गावे हवीत. ४८,००० भागिले ३० म्हणजे १,६००, हे अंतर झाले. १ ते १,६०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ७३० निघाला. ज्या गावाच्या चढत्या बेरजेत ७३० बसतो ते पहिले गाव, मग २,३३०, मग ३,९३०, असे पुढे जा. मोठे गाव दोनदा निघाले तर त्यात दोन वेगळे गट घ्यायचे, 'आधीच आले' म्हणून सोडायचे नाही.

खरी चूक यादीतच होते. मुख्य गावापासून लांब असलेल्या वस्त्या, हंगामी मजुरांची पाले, धरणाखालून उठून नव्याने वसलेले लोक, हे अनेकदा यादीत नसतात. आणि लागण जास्त असण्याची शक्यता नेमकी तिथेच असते. निवड करण्याआधी यादी स्थानिक माणसांना दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : यात कोण राहिले?

निवडलेल्या गावाला रस्ता नाही म्हणून जवळचे दुसरे गाव घेणे चालत नाही. पूर किंवा संघर्षामुळे जाणे खरोखरच अशक्य असेल, तर बदली गाव आधी चिठ्ठीने काढून ठेवलेल्या यादीतूनच घ्या आणि कारण लिहून ठेवा.

गावात पोहोचल्यावर घरे कशी निवडायची? चौकात पेन फिरवून दिशा ठरवली तर?

ती पद्धत सोपी आहे, पण तिने चौकाजवळच्या घरांना जास्त संधी मिळते आणि कडेची घरे सुटतात. त्यापेक्षा गावाचा हाताने नकाशा काढा, साधारण सारख्या घरसंख्येचे तुकडे करा, एक तुकडा चिठ्ठीने निवडा, त्यातल्या सर्व घरांना खडूने क्रमांक द्या आणि ठरावीक अंतराने घरे घ्या. अर्धा दिवस जास्त जातो. तो घालवावा.

घरातून एकच माणूस निवडत असाल तर घरात राहणाऱ्यांची संख्या नक्की लिहा. आठ जणांच्या घरातल्या माणसाची निवड होण्याची शक्यता दोघांच्या घरातल्यापेक्षा चौपट कमी असते, आणि ते विश्लेषणात भार देऊन दुरुस्त करावे लागते. हा आकडा फॉर्मवर नसेल तर नंतर कुठूनही मिळत नाही.

फक्त शाळेतली मुले तपासली तर काम सोपे होते. चालेल का?

शालेय वयातल्या औषधवाटपाचा निर्णय घ्यायचा असेल तर चालते. गोलकृमी आणि चाबूककृमी या वयात सर्वाधिक असतात. पण हुकवर्म वयाबरोबर वाढत जातो आणि प्रौढांत जास्त सापडतो. शाळेवरून गावाचा हुकवर्म सांगायला गेलात तर आकडा कमी येणार. शिवाय शाळेत न जाणारी मुले हजेरीपटावर नसतातच.

वर्षातल्या कोणत्या वेळी करावे?

पुढच्या औषधवाटपाच्या अगदी आधी. गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तपासले तर औषधाचा परिणाम मोजला जातो, गावातली लागण नाही. गोलकृमीचे अंडे पोटात गेल्यापासून शौचात नवी अंडी दिसायला २ ते ३ महिने लागतात. दर व्यक्तीला 'गेल्या सहा महिन्यांत जंताची गोळी घेतली का' हे विचारा. गोळीचा नमुना हातात धरून दाखवा, कारण लोहाच्या गोळीलाही लोक हो म्हणतात.

डबी देताना काय सांगायचे?

रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची डबी, एक लाकडी काडी आणि एक कागद. कागद पसरून त्यावर बसायचे, शौचाला माती, पाणी किंवा लघवी लागू द्यायची नाही, अंगठ्याच्या पेराएवढा भाग काडीने उचलून डबीत टाकायचा. माती लागली तर मातीतल्या मोकळ्या कृमींच्या अळ्या आणि अंडी नमुन्यात येतात आणि वाचणारा फसतो. नुसते तोंडी सांगू नका, ओल्या मातीचा गोळा घेऊन करून दाखवा.

क्रमांक डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. टेबलावर चार डब्या एकदम उघडल्या की झाकणे बदलतात, आणि मग कोणाची लागण कोणाच्या नावावर गेली हे कधीच कळत नाही. शाईही पाण्याने न पुसणारी हवी.

डबी संध्याकाळी द्या, सकाळी लवकर गोळा करा. एका घरात तीन डब्या दिल्या असतील तर तिन्ही नमुने एकाच माणसाचे नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा. रंग, घट्टपणा आणि वास हुबेहूब सारखा असेल तर रागावू नका, पुन्हा नम्रपणे डबी द्या.

बरेच जण डबी परतच देत नाहीत. शेजारच्या घरातून घेतली तर?

नाही. जे देत नाहीत त्यांच्यात आणि देणाऱ्यांत फरक असतो : शेतावर लवकर जाणारे पुरुष, लाजणाऱ्या किशोरवयीन मुली, बाहेरगावी मजुरीला गेलेले. नेमके त्यांनाच वगळून सोयीचे शेजारी घेतले तर प्रमाण बदलते. किमान दोनदा परत जा, एकदा तरी संध्याकाळी. मुलींशी स्त्री कार्यकर्तीनेच बोलावे आणि डबी अपारदर्शक पिशवीत द्यावी. या एका पिशवीने बराच फरक पडतो. तरीही मिळाली नाही तर 'मिळाली नाही' अशी नोंद करा आणि न देणाऱ्यांचे वय व लिंग अहवालात द्या.

काटो-काट्झ स्लाइड नेमकी कशी करायची?

आदल्या दिवशी सेलोफेनच्या पट्ट्या भिजवून ठेवा. द्रावण : १०० मिली ग्लिसरॉल, १०० मिली पाणी, १ मिली ३ टक्के मॅलाकाइट ग्रीन. पट्ट्या किमान २४ तास बुडलेल्या हव्यात.

मग थोडा मल कागदावर घ्या, त्यावर बारीक जाळी दाबा आणि चपट्या काडीने जाळीवरून वर आलेला गाळ खरवडा. स्लाइडवर टेम्प्लेट, म्हणजे मापाचे भोक असलेली पट्टी, ठेवा. नेहमीच्या टेम्प्लेटचे भोक ६ मिमी व्यासाचे, १.५ मिमी जाडीचे असते आणि त्यात ४१.७ मिग्रॅ मल मावतो. भोक काठोकाठ भरा, वरून सपाट करा, टेम्प्लेट सरळ वर उचला. मागे छोटी टिकली राहिली पाहिजे. तिच्यावर भिजलेली पट्टी ठेवा, स्लाइड उलटी करून गुळगुळीत पृष्ठभागावर सावकाश दाबा, म्हणजे मल गोल आणि एकसारखा पसरतो. स्लाइड वर न उचलता बाजूला सरकवत काढा, नाहीतर पट्टी निघून येते. नीट झालेल्या स्लाइडमधून खाली ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरे वाचता येतात.

मोजलेली अंडी गुणिले २४, म्हणजे दर ग्रॅम मलातली अंडी.

बिघडते ते बहुधा भोक भरताना. मध्ये हवा राहिली की वजन कमी पडते आणि मोजणी खाली येते. चाळलेल्या मलाऐवजी अख्खा मल भरला तर तंतू मध्ये येतात आणि स्लाइड जाड राहते. टेम्प्लेट दोन नमुन्यांच्या मध्ये न धुता वापरला तर एकाची अंडी दुसऱ्याच्या नावावर जातात. आणि पातळ जुलाबाचा नमुना या पद्धतीला चालतच नाही, भोकात टिकत नाही. तशी नोंद करून दुसऱ्या दिवशी नवा नमुना मागा. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला मलही नको, ताजाच हवा.

हुकवर्मसाठी 'तासाच्या आत वाचा' असे इतके बजावून का सांगतात?

कारण या एकाच गोष्टीने एखाद्या भागाचा सबंध निकाल खोटा ठरू शकतो.

ग्लिसरॉलचे काम मल पारदर्शक करणे. गोलकृमीच्या अंड्याचे कवच जाड आणि खडबडीत, चाबूककृमीचे अंडे पिपासारखे, दोन्ही टोकांना बूच असलेले. ही दोन्ही तासन्‌तास टिकतात. हुकवर्मच्या अंड्याचे कवच मात्र पातळ असते. स्लाइड करून अर्धा तास झाला की ते उत्तम दिसते : लांबट गोल, सुमारे ६० ते ७५ मायक्रॉन लांब, काचेसारखी एकच बारीक रेघ आणि आत करड्या पेशींचा पुंजका. मग ग्लिसरॉल आत शिरते. पेशी फिकट होतात, रेघ विरळ होते आणि काही वेळाने तिथे काहीच उरत नाही. अंडे तिथेच असते, फक्त दिसत नाही. उष्ण हवेत हे आणखी लवकर होते.

म्हणून ३० ते ६० मिनिटे ही खिडकी पाळायची. आता हिशेब करा : एका स्लाइडला ५-६ मिनिटे लागतात, म्हणजे एक तंत्रज्ञ या अर्ध्या तासात ५ स्लाइड वाचू शकतो. सकाळी एकदम ४० स्लाइड करून ट्रेमध्ये रांग लावली, तर सहावीपासून पुढे हुकवर्म हरवत जातो. एका तंत्रज्ञामागे पाच-पाचच्या तुकड्यांत स्लाइड करा. आधी हुकवर्म वाचा, बाकी दोन कृमी दुपारी मोजले तरी चालतील.

फॉर्मवर दोन वेळा लिहा : स्लाइड केली ती आणि वाचली ती. रोज संध्याकाळी दोन्हींतल्या अंतरानुसार हुकवर्म किती टक्के सापडला ते मांडून बघा. ४५ मिनिटांच्या आतल्या स्लाइडांत १५ टक्के आणि ९० मिनिटांनंतरच्या स्लाइडांत ४ टक्के, असे दिसले तर दोष गावात नाही, टेबलावर आहे.

स्लाइड करण्याआधीही वेळ जपावा लागतो. उबदार हवेत डबीतल्या डबीत हुकवर्मची अंडी एक-दोन दिवसांत फुटून अळ्या बाहेर येतात. नमुना त्याच दिवशी तपासा. गाडीत शीतपेटी ठेवा, पण डबी बर्फाला चिकटू देऊ नका, मल गोठायला नको.

एका नमुन्याची एक स्लाइड पुरते का?

स्लाइडवर एक अंडे सापडले तर ते दर ग्रॅम २४ अंडी धरले जाते. त्यापेक्षा विरळ लागण एका स्लाइडवर सहज निसटते. निदान दोन स्लाइड कराव्यात आणि दोन्हींची बेरीज गुणिले १२ करावी : १८ आणि १२ अंडी मिळाली तर ३० गुणिले १२, म्हणजे ३६० दर ग्रॅम. मात्र अंड्यांची संख्या दिवसागणिक बदलते, त्यामुळे त्याच मलाच्या चार स्लाइडांपेक्षा दोन वेगळ्या दिवसांचे नमुने जास्त उपयोगी. लागण कमी झालेल्या भागात हे विशेष खरे.

नवखे वाचक कशाला अंडे समजतात?

हवेचा बुडबुडा (कडा जाड काळी, आत काहीच नाही), परागकण, वनस्पतीच्या पेशी. गोलकृमीचे अफलित अंडे उलट नजरेतून सुटते, कारण ते लांबट आणि बेढब असते. प्रशिक्षणात ओळखीची वीस स्लाइड वाचायला द्या, त्यात काही पूर्ण निगेटिव्ह ठेवा.

वाचन बरोबर आहे हे कसे तपासायचे?

किमान १० टक्के स्लाइड वरिष्ठ वाचकाने पहिला आकडा न बघता पुन्हा वाचाव्यात, आणि त्याच दिवशी. हुकवर्म दुसऱ्या दिवशी वाचायला उरत नाही, म्हणून त्याची फेरतपासणी त्याच तासात करावी लागते. 'आहे-नाही' यात फरक नको. १०० पर्यंत अंडी असलेल्या स्लाइडवर १० अंड्यांपर्यंत, त्यापुढे २० टक्क्यांपर्यंत फरक मान्य करतात. याहून जास्त निघाला तर दोघांनी मिळून तिसऱ्यांदा वाचा आणि कारण शोधा.

पद्धतच काही लागण चुकवते, मग खरे प्रमाण कसे सांगायचे?

समजा तपासणी १०० लागण झालेल्यांपैकी ६० जणांना पकडते आणि १०० निरोगींपैकी एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तुम्हाला १२ टक्के मिळाले. ०.१२ अधिक ०.९९ वजा १ म्हणजे ०.११. त्याला ०.६० अधिक ०.९९ वजा १, म्हणजे ०.५९ ने भागा. खरे प्रमाण सुमारे १८.६ टक्के. अहवालात दोन्ही आकडे द्या आणि ६० व ९९ कुठून घेतले तेही लिहा. एक सावधगिरी : लागण हलकी झाली की तपासणीची पकडही सैल होते, म्हणून औषधाआधीचा ६० चा आकडा औषधानंतर तसाच वापरता येत नाही.

एकही पॉझिटिव्ह नाही. मग ० टक्के लिहायचे?

'३०० पैकी ०' असे लिहा आणि वरची मर्यादा द्या. ३ भागिले ३००, म्हणजे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते. त्याआधी मात्र वाचनाच्या वेळा आणि फेरतपासणी पाहून घ्या.

विश्लेषणात सर्वाधिक होणारी चूक कोणती?

गावांचे गट विसरून सरळ टक्केवारीचे विश्वासांतर, म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे ते अंतर, काढणे. ७६८ जणांत २३ टक्के मिळाले, तर साध्या सूत्राने अंतर २० ते २६ येते आणि २० टक्क्यांची रेघ ओलांडल्यासारखी वाटते. डिझाइन इफेक्ट २ असेल तर तेच अंतर १८.८ ते २७.२ होते. रेघ आता अंतराच्या आत आहे, आणि निर्णय घेणाऱ्याला ते कळलेच पाहिजे.

दुसरी चूक बेरजेची. गोलकृमी १२, चाबूककृमी ८, हुकवर्म १० टक्के म्हणजे 'कोणताही कृमी' ३० टक्के नव्हे. काही पोटांत दोन-तीन कृमी एकत्र असतात. तो आकडा माणसागणिक वेगळा मोजावा लागतो.

लागण किती जड, हेही सांगायचे का?

नक्की. त्रास मुख्यतः जड लागणीतून होतो आणि थोड्या लोकांच्या पोटांत बहुतेक कृमी असतात. दर ग्रॅम अंड्यांवरून मर्यादा अशा : मध्यम लागण गोलकृमीत ५,००० पासून, चाबूककृमीत १,००० पासून, हुकवर्ममध्ये २,००० पासून. जड लागण अनुक्रमे ५०,०००, १०,००० आणि ४,००० पासून. २०३० साठीचे जागतिक उद्दिष्टही यावरच बेतले आहे : मुलांतली मध्यम व जड लागण २ टक्क्यांच्या खाली आणणे.

उरलेल्या मलाचे काय करायचे?

ब्लीचच्या द्रावणात बुडवून खोल खड्ड्यात पुरा किंवा भट्टीत जाळा. गोलकृमीची अंडी मात्र ब्लीचला दाद देत नाहीत, म्हणून नुसते ब्लीच टाकून डब्या उकिरड्यावर टाकू नका. ज्या गावात जंत मोजायला गेलात तिथेच ते सांडून येऊ नका.

पॉझिटिव्ह आलेल्यांना निकाल आणि औषध कधी द्यायचे?

शक्य तितक्या लवकर, पथक गावात असतानाच. निकाल ज्याचा त्याला, खासगीत सांगा. मुलाचा निकाल पालकाला, वर्गासमोर नाही. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ किंवा मेबेंडाझोल ५०० मिग्रॅ एकच मात्रा. १२ ते २३ महिन्यांच्या बाळाला अल्बेंडाझोल २०० मिग्रॅ. लहान मुलांना गोळी चुरून पाण्याबरोबर द्या, अख्खी दिली तर घशात अडकण्याचा धोका असतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देऊ नये, म्हणून स्त्रियांना हा प्रश्न एकांतात विचारा. चाबूककृमीवर अल्बेंडाझोलची एक मात्रा अनेकदा अपुरी पडते. जड लागण असलेल्यांची नावे जवळच्या आरोग्य केंद्राकडे देऊन, दोन-तीन आठवड्यांनी त्यांची पुन्हा तपासणी कोण करणार हे गाव सोडण्याआधी ठरवा. ज्या घराने तीन सकाळी डबी भरून दिली, त्या घरी हा निकाल घेऊन कार्यकर्तीने स्वतः जावे.